डॉक्टर वर्तकांची दोन मिनिटं

डॉक्टर वर्तक आमच्या कारखान्यात रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पहिला पेशंट आला. कॉलनीतल्या क्वार्टरच्या दारावर त्यांनी सामान उतरवण्याआधी पितळी पाटी ठोकून घेतली होती: डॉ. मोरेश्वर वर्तक. शेजारच्या वाडीतल्या एका म्हातारीने ती पाटी नातसुनेकडून वाचून घेतली आणि पायरीवर येऊन बसली. गुडघा सुजला होता.

"चालताना कटकट वाजतंय बगा, डॉक्टर," ती म्हणाली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आजी, मी धातूंचा डॉक्टर आहे, तुम्ही पोयनाडच्या दवाखान्यात जा. वर्तकांनी तिला खुर्ची दिली, समोर बसले आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तेव्हा काय होतं हे तिला सविस्तर समजावून सांगितलं. वंगण म्हणजे काय, ते संपलं की काय अनर्थ होतो, सगळं. वर्तकवहिनींनी मध्ये दोनदा चहा आणला. शेवटी "आजी, रोज थोडं चालत राहा, बसून राहाल तर सांधा धरेल," असा सल्ला देऊन त्यांनी तिला निरोप दिला. म्हातारी भारावून गेली. जन्मात कुठल्या डॉक्टरने तिला इतका वेळ दिला नव्हता. काही दिवसांनी ती वालाच्या शेंगा घेऊन आली. गुडघ्याची सूज म्हणे उतरली होती.

ही गोष्ट वर्तकांनी पुढे वर्षभर सांगितली आणि दर वेळी शेंगांची टोपली थोडी मोठी होत गेली.

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. अलिबाग रस्त्याला खाडीच्या कडेने तो कारखाना पसरलेला आहे. काम एकच, लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवायचा. तुमच्या पडवीवरचा, गोठ्यावरचा चकचकीत पत्रा असतो ना, तो. पत्र्याची न संपणारी पट्टी भट्टीतून तापून येते, वितळलेल्या जस्ताच्या मोठ्या हौदात बुडी मारते, हौदाच्या तळाशी असलेल्या एका जाड रोलला वळसा घालून वर येते आणि गार होऊन गुंडाळली जाते. सगळा प्रकार सतत चालू. ज्या रोलला वळसा घालायचा तो रोल कायम वितळलेल्या धातूत बुडालेला. त्याची दोन टोकं ज्या धातूच्या खोबणीत फिरतात तिला बुश म्हणतात. आता साडेचारशे अंशांच्या जस्तात तेल घालता येत नाही, ग्रीस घालता येत नाही. टोक आणि बुश नुसते एकमेकांवर घासत राहतात, झिजतात, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतात. मग लाइन बंद, क्रेन आणा, रोल काढा, दुसरा टाका. हे दर काही आठवड्यांनी.

हे चिकटणं थांबवायला वर्तकांना आणलं होतं.

माणूस उंच, सडसडीत, पँट छातीच्या जरा खाली बांधलेली. हेल्मेट स्वतःचं, घरून आणलेलं, आणि त्यावरही नावाआधी 'डॉ.'. मूळचे श्रीवर्धनचे, सुपारीच्या बागायतदारांपैकी. टेबलाच्या खणात एक जुना अडकित्ता असायचा. मीटिंगमध्ये दुसरा कुणी बोलायला लागला की तो बाहेर यायचा. बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर 'कट्' असा आवाज व्हायचा आणि कागदासारखी पातळ कातरी वर्तकांच्या तोंडात जायची. ती सुपारी त्यांनी आयुष्यात कुणाला देऊ केली नाही. सुरक्षा विभागाने एकदा अडकित्ता हे हत्यार आहे का, असा प्रश्न काढला होता. वर्तकांनी उत्तर दिलं, "मुळात तुमचा प्रश्नच चुकीचा आहे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. तुम्ही काहीही विचारा. साहेब, चहा घेणार का? मुळात प्रश्नच चुकीचा आहे. ही चहाची वेळ आहे का, हा प्रश्न. मग त्याचं उत्तर ते स्वतःच देत आणि चहा घेत.

माझे अहवाल त्यांच्याकडून परत यायचे ते लाल शाईने रंगून. जस्ताच्या प्रमाणात चूक सापडली नाही तर शुद्धलेखनात सापडायची. "नाईकबाई, 'परिक्षण' नव्हे, 'परीक्षण'. री दीर्घ. धातूच्या बाबतीत आणि भाषेच्या बाबतीत ढिलाई चालत नाही." मी मान हलवायची आणि पुढच्या अहवालात मुद्दाम ऱ्हस्व लिहायची. एवढा विरंगुळा आम्हाला पुरत असे.

त्यांची खरी दहशत होती कँटीनमध्ये. कारण वर्तक उदाहरणं द्यायचे आणि ती दुसऱ्याच्या ताटातून द्यायचे. "थांबा, उदाहरण देतो," असं म्हणून त्यांचा हात पुढे आला की शहाणी माणसं ताट घेऊन उठायची. मी नवी होते, उठले नाही. त्यांनी माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या उचलल्या.

"पोळी लाटताना मध्ये पीठ का लावतात, नाईकबाई?"

"चिकटू नये म्हणून."

"बरोबर. प्रत्येक धातूच्या अंगाला असंच पीठ असतं. हवेमुळे चढलेला पापुद्रा. डोळ्यांना दिसत नाही. तो आहे म्हणून तुमच्या पर्समधली नाणी एकमेकांना चिकटत नाहीत. तापलेलं जस्त हा पापुद्रा खाऊन टाकतं. मग राहतो उघडा धातू आणि समोर दुसरा उघडा धातू. वरून दाब. आता बघा." त्यांनी माझ्या दोन्ही पोळ्या तुपाच्या बाजूंनी नव्हे, कोरड्या बाजूंनी एकमेकींवर ठेवल्या आणि वर स्वतःचा भरलेला डबा ठेवला. "थोडा वेळ जाऊ द्या."

थोडा वेळ म्हणजे आमची जेवणाची सुट्टी. पोळ्या काही चिकटल्या नाहीत. "तुमचं पीठ जास्त आहे," असा शेरा देऊन ते गेले. त्या दिवशी मी भात खाल्ला.

असं असूनही एक श्रोता त्यांना टिकून मिळाला होता, हरेश म्हात्रे. हौदावरचा शिफ्टचा प्रमुख, पोयनाडच्या पलीकडच्या गावचा. घरी भातशेती आणि पांढऱ्या कांद्याचा एक तुकडा. वर्तक तासभर बोलले तरी म्हात्रे हाताची घडी घालून उभा, डोळे उघडे, चेहऱ्यावर भक्ती. वर्तक म्हणायचे, "या कारखान्यात ज्ञानाची तहान असलेला हा एकच माणूस." मी एकदा म्हात्रेला विचारलं, तुला एवढं कळतं तरी काय?

"मना काय कळतंय, बाई?" तो म्हणाला. "मी उभ्यानं झोपतो. शिफ्टमध्ये शिकलो. साहेबांचा आवाज एका लयीत चालतो, लई बरं वाटतं."

तर अशा या डॉक्टर वर्तकांनी पुढे आपला बुश तयार केला. रोलच्या टोकाला एक मिश्रधातू, बुशला पूर्ण वेगळा. त्यांचं म्हणणं, सारख्याला सारखा लवकर चिकटतो. दोघांची जातकुळी वेगळी ठेवा, आतली रचना वेगळी ठेवा, मग ते एकमेकांना जुमानत नाहीत. हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि त्यावर त्यांनी ऐन उमेदीची वर्षं घातली होती. ही गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही छोट्या तुकड्यांवर घेतलेल्या चाचण्या खरोखर चांगल्या आल्या होत्या. वर्तकांनी त्या एवढ्या मनावर घेतल्या की ते अडकित्ता घरी विसरू लागले.

नवा बुश बसवला, लाइन सुरू झाली, सुरळीत चालली. तेव्हा कारखान्याचे प्रमुख सबनीस यांच्या मनात समारंभ आला. सबनीस हा मनुष्य जगात फक्त मोठ्या शेठना भीत असे आणि त्यांना खूश करायची एकही संधी सोडत नसे. मोठे शेठ मुंबईहून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरले. हौदापासून बेताच्या अंतरावर कठड्याच्या बाहेर खुर्च्या मांडल्या, झेंडूची तोरणं लावली. पूजा झाली, पण नारळ पार गेटबाहेर पार्किंगमध्ये फोडला. वितळलेल्या जस्तात पाण्याचा थेंब पडला तर बंदुकीसारखा बार होतो, म्हणून वर्तकांनी तशी सक्त ताकीद दिली होती. भटजींना हेल्मेट घातलं होतं. एवढी काळजी घेणारा माणूस.

मग वर्तक माइकपाशी आले. बोलायला लागले आणि कुणालाच काही ऐकू येईना. पत्रा हौदातून वर येतो तिथे दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडलेले असतात, जास्तीचं जस्त उडवायला. त्याचा आवाज म्हणजे विमान उतरल्यासारखा. शेठ कानाला हात लावून सबनीसांना काहीतरी विचारत होते. वर्तकांनी माइक खाली केला आणि म्हात्रेला खूण केली.

"लाइन थांबव."

म्हात्रे जवळ आला. "किती वेळ, साहेब?"

"दोन मिनिटं."

म्हात्रेने सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांनी हसून मान हलवली. भट्टीची आच उतरवली, झोत बंद झाले, पत्रा थबकला. शेडमध्ये एवढी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आणि वर्तकांना त्या शांततेची चव लागली.

"धातूंना एकमेकांची ओढ असते," त्यांनी सुरुवात केली.

पहिली दोन मिनिटं त्यांच्या गुरूंना वंदन करण्यात गेली. मग लोखंडाचा इतिहास झाला. मग जस्ताचा. वाडीतल्या म्हातारीचा गुडघा झाला, शेंगा झाल्या. चहा फिरला, वेफर्सच्या पुड्या फिरल्या. मी पुडी आवाज न करता कशी फोडावी या विवंचनेत होते. शेठनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा डोळे मिटले. आणि वर्तक आता विषयाच्या गाभ्याला आले होते.

"फिरत आहेत तोवर ठीक, शेठ! मध्ये जस्ताचा पातळ थर खेळता राहतो. पण उघडा धातू, ही उष्णता, हा दाब, आणि अशा अवस्थेत ते दोघे स्थिर राहिले, नुसते एकमेकांना टेकून उभे राहिले, तर काय होतं? एकाचे अणू दुसऱ्यात शिरतात. दुसऱ्याचे पहिल्यात. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. आणि थोड्या वेळाने कोण कुठला ते ओळखता येत नाही!"

टाळ्या पडल्या. त्यांच्या पाठीमागे हौदाच्या तळाशी, पत्र्याचा सगळा ताण अंगावर घेऊन, रोल आपल्या बुशला टेकून शांत उभा होता. भाषण सुरू झाल्यापासून. वर्तक जे सांगत होते ते त्यांच्या पाठीमागे अक्षरशः घडत होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा पन्नास-साठ शिकलेल्या माणसांत एकाच्याही ते डोक्यात आलं नाही. वर्तकांच्याही नाही.

भाषण संपलं. म्हात्रेने लाइन चालू केली. पत्रा हलला, रोल हलला नाही. चिकटलेल्या रोलवरून पत्रा खरवडत निघाला आणि असा काही किंचाळला की भटजी हेल्मेटसकट खाली बसले. मग पत्रा फाटला. फाटलेलं टोक सापासारखं उसळून हौदावर आपटलं आणि जस्ताचे थेंब चौफेर उडाले. म्हात्रे सगळ्यात जवळ. त्याने हात घालून बटण दाबलं आणि लाइन बंद केली. त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत थेंब बसले. पाहुण्यांपैकी कुणाला काही झालं नाही. शेठची एक चप्पल राहिली, ते दुसऱ्या चपलेवर गाडीपर्यंत गेले.

वर्तकांच्या हातात माइक तसाच होता. त्यातून साऱ्या शेडला ऐकू आलं, "काय झालं?"

म्हात्रेला अलिबागला नेलं. हात वाचला, कातडी गेली.

दोन दिवसांनी रोल बाहेर काढला, जोड कापला आणि तुकडा माझ्याकडे आला. मी तो घासून, चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वर्तकांना बोलावलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. उमेदीची वर्षं, प्रबंध, बुश, सगळं त्या तुकड्यात होतं.

वर्तक वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग डोकं वर न करता म्हणाले, "नाईकबाई, इकडे या. मला सीमारेषा दाखवा."

मी पाहिलं. दोन वेगळे धातू होते हे रंगावरून जेमतेम कळत होतं. मधली रेषा काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हतीच.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"नाही ना दिसत?" त्यांनी तोंड वर केलं. लहान मुलाला जत्रेत भिरभिरं मिळावं तसा चेहरा. "वेगळ्या कुळीचे असूनही! मी प्रबंधात लिहिलं होतं की हे होणार नाही. चूक लिहिलं होतं! किती सुंदर आहे हे, बघा तरी."

मी बघितलं. मला ते कोबीच्या कापासारखं दिसलं. पण म्हात्रेच्या हाताला पट्टी बांधलेली असताना हा गृहस्थ असा हसतो याचा मला मनापासून राग आला. "म्हात्रेला भेटलात का?" मी विचारलं. त्यांचं हसू मावळलं. "जायचंय," ते म्हणाले, आणि गेले नाहीत.

न जाण्याला कारण होतं. सबनीसांनी त्यांना आदल्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. शेठ भडकले होते आणि कुणाचं तरी नाव द्यावं लागणार होतं. लाइन थांबवायची खूण वर्तकांनी केली, मान सबनीसांनी हलवली. म्हणजे उरला म्हात्रे. चौकशीत असं ठरणार होतं की ऑपरेटरने परवानगीशिवाय, नियम मोडून लाइन उभी केली. बुशला दोष नाही, डॉक्टरांना दोष नाही. वर्तकांनी काही बोलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. नोकरी जाणार होती म्हात्रेची.

आणि वर्तक गप्प बसले. तो आठवडाभर ते कँटीनमध्ये एकटेच जेवत होते. कुणाच्या ताटाकडे हात गेला नाही. म्हात्रेचे सोबती बाजूच्या टेबलावरून त्यांच्याकडे बघायचे आणि हे डब्यात बघायचे. दुसऱ्याच्या जिवावर माणूस किती सहज वाचतो, हे मी तेव्हा रोज दुपारी पाहत होते. वर्तकवहिनी मला बाजारात भेटल्या. साध्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या घरात दुसरा इलाजच नव्हता.

"घरी काही बोलत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "जेवताना सुद्धा नाही. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भीती वाटली."

चौकशीच्या दिवशी मला साक्षीला बोलावलं होतं, तुकड्याचा अहवाल सांगायला. लांब टेबल, मध्ये सबनीस, एका बाजूला वर्तक, समोर भिंतीला टेकून म्हात्रे, हात गळ्यात अडकवलेला. आणि मुंबईहून आलेला एक तरणाबांड सल्लागार. त्याला निकाल आधीच सांगून ठेवलेला होता हे उघड दिसत होतं. सबनीसांनी म्हात्रेला विचारलं, "लाइन तू थांबवलीस?"

"व्हय. मला सांगितलं तशी थांबवली."

"कोणी सांगितलं?"

म्हात्रेने वर्तकांकडे पाहिलं. वर्तकांनी खिशात हात घातला, अडकित्ता काढला, सुपारी काही सापडली नाही, अडकित्ता परत ठेवला. म्हात्रेने मान खाली घातली, नाव घेतलं नाही. सबनीसांनी समाधानाने लिहून घेतलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग सल्लागाराची पाळी. त्याने माझा अहवाल चाळला, वाचला नाही, आणि म्हणाला, "यात विशेष काही नाही. साधा जाम आहे. कचरा अडकला, रोल जाम झाला. ऑपरेटरची चूक. असं कुठेही होतं."

"काय म्हणालात?" वर्तक म्हणाले.

"जाम."

"जाम?" वर्तक उठून उभे राहिले. "दरवाजा जाम होतो. नळ जाम होतो. तुम्ही तो तुकडा पाहिलात का? सीमारेषा नाहीशी झाली आहे! अणू इकडचे तिकडे गेलेत! जाम झाला असता तर हातोडी मारून सुटला असता. तो कापावा लागला, करवतीने. आणि तुम्ही त्याला कचरा म्हणता?"

"डॉक्टर, बसा," सबनीस घाईने म्हणाले.

"मी बसणार नाही. मुळात याचा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न हा, की असा जोड व्हायला किती वेळ स्थिर राहावं लागतं?"

सल्लागाराने खांदे उडवले. "किती वेळ?"

"माझ्या भाषणाएवढा वेळ!" वर्तक गरजले. "पूर्ण भाषण! मी स्वतः लाइन थांबवायला सांगितली. हा म्हात्रे विचारायला आला होता किती वेळ, मी म्हटलं दोन मिनिटं. सबनीसांनी मान हलवली. मग मी पाऊण तास बोललो. उष्णता होती, दाब होता, वेळ मी दिला. हा प्रयोग मी केलाय, समजलं? म्हात्रेचा यात काडीचा संबंध नाही. म्हात्रेला काय येतंय यातलं?"

सबनीसांचा चेहरा जस्ताच्या रंगाचा झाला. म्हात्रे भिंतीपासून सरळ झाला. वर्तक अजून उभेच होते आणि सल्लागाराला पापुद्र्याविषयी सांगू लागले होते. कागदावर काय चढलं, आपलं काय गेलं, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

म्हात्रेची नोकरी राहिली. सबनीसांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली, तिथे ते मोठे झाले. वर्तकांचा करार पुढे वाढवला नाही आणि त्यांचा बुश भंगारात गेला. एकदा चिकटला तो त्यांच्या भाषणामुळे, बुशमुळे नव्हे, हे सांगायचा प्रयत्न मी नव्या साहेबांकडे केला. ते म्हणाले, त्या माणसाचं नाव इथे काढू नका. पुढे कारखान्याने परदेशातून बुश मागवले. मी तपासले. टोकाला एक मिश्रधातू, बुशला पूर्ण वेगळा. ते अजून छान चालतात. फक्त समारंभ कुणी करत नाही.

कारखान्यात मात्र वर्तक एकदम देवमाणूस ठरले. ज्यांनी आठवडाभर त्यांच्याकडे थुंकायच्या नजरेने पाहिलं तेच म्हणू लागले, साहेबाने स्वतःची भाकरी घालवली पण गरिबाला वाचवलं. म्हात्रे पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेला. वहिनींना सामान बांधायला मदत म्हणून मी तिथेच होते. म्हात्रे पाया पडायला वाकला तर वर्तक दोन पावलं मागे सरले.

"मी तुला वाचवलं वगैरे नाही, म्हात्रे. त्या गाढवाने माझ्या जोडाला जाम म्हटलं."

"तरी पन, साहेब."

"तरी पण नाही. तो जाम म्हणाला नसता तर मी बोललो नसतो. समजतंय का तुला? तू घरी बसला असतास."

म्हात्रे त्यांच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तो झोपलेला नव्हता. "म्हायती हाय, साहेब," तो म्हणाला. "मी बघत होतो तुमच्याकडं. कांदं ठेवा. घरचं हायत."

वर्तकांनी माळ घेतली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून तशीच हातात धरून ते खोलीभर फिरले. म्हात्रे गेल्यावर वहिनींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "त्याचा हात तरी बघायचात." वर्तक खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हात्रे गेटबाहेर जाईपर्यंत तिथेच होते.

मी पुष्कळदा विचार केला आहे. जोडाला जाम म्हटलेलं खरंच सोसलं नाही, की त्या आठवडाभरात आत काही शिजलं होतं आणि 'जाम' हा नुसता बहाणा मिळाला? त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी उत्तर दिलं असतं आणि ते अंधार पडेपर्यंत चाललं असतं.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले, गेल्या थंडीत, अलिबागला. वारस दाखल्याच्या कामासाठी मी कोर्टाच्या आवारात गेले होते. बदामाच्या झाडाखाली बाकावर वर्तक बसलेले, पँट तशीच उंच, केस सगळे पांढरे. शेजारी त्यांच्यासारखाच उंच, त्यांच्याच नाकाचा एक गृहस्थ. दोघांच्या मध्ये चारपुडी डबा उघडलेला, आणि दोघे एकाच पुडातली वालाची उसळ खात होते.

"नाईकबाई!" त्यांनी हाक मारली. "या, या. हे आमचे धाकटे बंधू श्रीकांत. प्रतिवादी."

बंधूंनी तोंडातला घास सांभाळत नमस्कार केला.

श्रीवर्धनच्या बागेतल्या विहिरीचा वाद होता. खालच्या कोर्टात वर्तक हरले होते, अपील अलिबागला होतं, बरीच वर्षं चालू होतं. दर तारखेला एसटीचे हाल नकोत म्हणून दोघे धाकट्याच्या गाडीतून येत. डबा वर्तकवहिनी भरून देत, दोघांचा.

"याची बाजू अत्यंत कच्ची आहे," वर्तक मला सांगू लागले. "विहीर कुणाच्या हिश्शात, हा मुळात प्रश्नच..."

"दादा, लोणचं संपव, सांडेल," प्रतिवादी म्हणाले.

वकिलाचा माणूस येऊन सांगून गेला, पुढची तारीख पडली. कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. धाकट्याने डबा बंद केला, थोरल्याला हात धरून उठवलं. गुडघे धरले होते वाटतं. मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. गाडीचं दार धाकट्याने उघडलं, थोरला पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावता येईना तर धाकट्याने वाकून तोही लावून दिला.

गाडी वळली तेव्हा काचेतून दिसलं. वादी हात उडवून बोलत होते आणि प्रतिवादी मान डोलावत, हळूहळू, गर्दीतून गाडी काढत होते.